लेम्पीने हीटर काढला

लेम्पी कार्वोनेनला कुणी "जाऊ दे गं, आता काय उपयोग" असं म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मग समोर पाद्री असो, डॉक्टर असो, नाहीतर वाचनालयाच्या प्रमुख मिस हॉस्किन असोत. आमच्या पेल्टोला गावात तिच्या या स्वभावाचा फटका न बसलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

एकतीस वर्षं ती गावच्या इस्पितळाच्या धोबीखान्यात होती. चादरी, अभ्रे, टॉवेल. एकदा एकाच वॉर्डातून येणाऱ्या अभ्र्यांवर पिवळट डाग दिसायला लागले, आणि तेही एकाच बाजूला. हेडनर्स म्हणाली, "तुझं काम धुवायचं, बघायचं नाही." लेम्पीने तो अभ्रा तसाच न धुता उचलला आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या कॉफीच्या कपाशेजारी नेऊन पसरला. कानात घालायच्या औषधाची अख्खी पेटीच नासलेली निघाली. हेडनर्स पुढे वर्षभर तिच्याशी बोलली नाही, आणि लेम्पीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पुढे धोबीखाना बंद झाला. कपडे धुवायला मोठ्या शहरात जायला लागले आणि बावन्नाव्या वर्षी लेम्पी घरी बसली. नवरा रेइनो त्याआधीच गेला होता. जानेवारीतल्या एका सकाळी बसची वाट बघता बघता पायाची बोटं बधिर झाली, म्हणून ती ऊब घ्यायला वाचनालयात शिरली. तिथे दर्शनी दालनात सहा फुटी काचेची टाकी होती, पाणी शेवाळाने हिरवंगार आणि त्यात चार गप्पी मासे, तेही जीव मुठीत धरून. "हे कोण बघतं?" तिने विचारलं. "मंडळ बघतं," उत्तर आलं. "मंडळाला डोळे आहेत का?" लेम्पी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बादली घेऊन हजर झाली.

त्याला एकोणीस वर्षं झाली. रविवार सोडून रोज सकाळी सव्वासातला ती मागच्या दाराने आत येते आणि नऊला वाचनालय उघडेपर्यंत त्या टाकीपाशी असते. पाणी बदलायचं, काच पुसायची, कुजकी पानं खुडायची, आणि मग खुर्ची ओढून नुसतं बघत बसायचं. कोण खातंय, कोण खात नाही, कोण कोपऱ्यात तोंड घालून बसलंय. आजार पाण्यात शिरतो तेव्हा आधी माशाच्या वागण्यात दिसतो, अंगावर नंतर, असं ती म्हणते. टाकीशेजारच्या पाटीवर मात्र लिहिलेलं आहे, "देखभाल: श्री. क्लॅरन्स ट्रेव्हॅरो आणि मंडळ." तिच्या मैत्रिणीने एकदा त्यावरून तिला डिवचलं तर म्हणाली, "मासे वाचत नाहीत."

हे क्लॅरन्स ट्रेव्हॅरो म्हणजे हायस्कुलातले निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर आणि मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस मनाने वाईट नाही. पण आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिल्यामुळे समोर बसलेल्याला काही ठाऊक असू शकतं, ही शंका त्यांना कधी शिवली नाही. मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या तळघरात भरतं. कॉफी असते, वेलदोड्याचा निसू पाव असतो, आणि घरी वाढवलेले मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्यांचा लिलाव होतो. तिथून आणलेला मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा आणि मगच घरच्यांत सोडायचा, हा मंडळाचा नियम. तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.

ऑक्टोबरात वाचनालयाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. शुक्रवारी समारंभ. टाकी जरा भरलेली दिसावी म्हणून क्लॅरन्सने आदल्या शनिवारी लिलावातून आठ काळ्याभोर मॉली घेतल्या आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या किल्लीने दार उघडून थेट टाकीत सोडल्या. महिना राहिला बाजूला, एक दिवसही वेगळ्या ठेवल्या नाहीत.

सोमवारी सकाळी लेम्पी आली तेव्हा तीन मासे मेलेले होते. आठातल्या दोन मॉली पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होत्या आणि एकीच्या पाठीवर करडा-पांढरा डाग होता. तिने क्लॅरन्सला फोन लावला.

"पांढरे ठिपके!" क्लॅरन्स फोनवरच म्हणाला. "साधा आजार आहे. मीठ टाक आणि पाणी शहाऐंशी अंश फॅरनहाइटवर ने. आठवड्यात खडखडीत बरे."

"तू बघितलं तरी आहेस का?"

"लेम्पी, मी चाळीस वर्षं मासे पाळतोय."

आणि इथे लेम्पीने काय करावं? एरवी वाद घालणाऱ्या या बाईने मुकाट्याने हीटरचं बटण फिरवलं. त्याचं कारण क्लॅरन्स नव्हता. कारण तिच्या हाडात मुरलेलं होतं. आमच्याकडे, म्हणजे फिनलंडहून इथे मिशिगनच्या वरच्या टोकाला येऊन खाणीत राबलेल्यांच्या घरांत, प्रत्येक दुखण्याला एकच औषध: ऊब. अंगणातल्या लाकडी सौनात शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफेत बसायचं आणि बर्चच्या पाल्याच्या झाडूने पाठ झोडायची. सर्दी झाली, सौना. कंबर धरली, सौना. नवरा वारला, तरी मैत्रिणी हाताला धरून सौनातच नेतात. लेम्पीचा जन्मसुद्धा सौनात झालेला. तिची आई म्हणायची, ऊब सोसत नाही असा आजारच नाही. तेव्हा बटण फिरवताना तिला क्षणभरही वाटलं नाही की आपण काही चुकीचं करतोय. त्या दुपारी कॉफीच्या दुकानात म्हातारा टॉयवो लाहती हसत म्हणाला, "काय गं लेम्पी, माशांना सौनात बसवलंस म्हणे? पाठीला झाडूही लाव बर्चचा!" सगळे हसले, तीही हसली.

मंगळवारी सकाळी चौदा मासे मेले होते.

लेम्पी टाकीसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शिवी निघाली, तीही फिनिश, जी आई मेल्यापासून तिने वापरली नव्हती. नियॉन टेट्रांचा अर्धा थवा गेला होता. तळाशी मिशा फिरवत हिंडणारे छोटे कोरी मासे मिठाने कासावीस होऊन काचेवर खालीवर धडपडत होते. पांढरे ठिपके एका रात्रीत चौदा मारत नाहीत. हे तिला ठाऊक होतं. काल सकाळीही ठाऊक होतं. राग आला तो आधी स्वतःचा आला.

मग तिने खुर्ची ओढली आणि काल करायला हवं होतं ते केलं, नीट बघितलं. ठिपक्यांचा आजार असेल तर अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे सुटे सुटे दाणे दिसतात. इथे एकही सुटा दाणा नव्हता. इथे पाठीवर आडवा पट्टा होता, घोड्यावर खोगीर टाकावं तसा, आणि त्याची कड पिवळट. दोघांच्या ओठांना कापूस चिकटल्यासारखं दिसत होतं. एकाचे कल्ले कडेने झडत चालले होते.

आमच्या वाचनालयातून पुस्तकांबरोबर फावडी, शिवणयंत्रं आणि एक सूक्ष्मदर्शकही घरी नेता येतो. लेम्पीने तो फडताळातून काढला. नुकत्याच मेलेल्या मॉलीच्या पाठीवरचा डाग हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतला, थेंबभर पाणी टाकलं आणि डोळा लावला. पातळ, लांबट काड्या दिसल्या. त्या हळूहळू सरकत होत्या, एकमेकींवर चढत होत्या आणि ठिकठिकाणी त्यांचे ढीग होत होते. लेम्पी शेतावर वाढलेली. गवताची गंजी तिला कुणी समजावून सांगायला नको होती.

फडताळात माशांच्या आजारांचं एक जाडजूड पुस्तक होतं. गंजीचं चित्र तिला पाऊण तासाने सापडलं. जिवाणूंचा आजार, नाव लांबलचक, आणि त्याखाली एक ओळ: पाणी जितकं गरम, तितका हा आजार वेगाने मारतो.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग उठली, भिंतीतला प्लग उपटला, हीटर निवू दिला, पुसला आणि आपल्या पिशवीत घातला. बटण कमी करून ठेवलं असतं तर क्लॅरन्सने संध्याकाळी येऊन परत वाढवलं असतं. पिशवीतला हीटर कोण वाढवणार?

त्यानंतर ती बसली नाही. पाणी तपासायच्या काचनळीत थेंब टाकले तर रंग गडद हिरवा आला, म्हणजे मेलेल्या माशांमुळे पाण्यात विष साठत होतं. झाडांच्या मुळांत अडकलेले दोन मेलेले मासे तिने चिमट्याने काढले. सकाळी मोजलेल्या चौदांतलेच ते होते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारून, बादलीमागून बादली, निम्मं पाणी बदललं, त्याबरोबर निम्मं मीठही गेलं. पाण्याची उष्णता एकदम न घालवता दुपारपर्यंत हळूहळू उतरवली. हवेचा पंप वाढवला. एकाहत्तर वर्षांची बाई, बत्तीस बादल्या. मग ती काचपट्टी रुमालात गुंडाळून गुरांच्या डॉक्टरकडे गेली, कारण हल्ली माशांचंही प्रतिजैविक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

डॉक्टर इंग्रिड साल्मी तरुण आहे, गोठ्यातून नुकतीच आली होती आणि बुटांना शेण होतं. "मिसेस कार्वोनेन, मी गाई बघते हो. मासा मी फक्त तळलेला बघितलाय."

"गाईला तोंड असतं, माशालाही असतं. गाय आजारी पडते, मासाही पडतो. आता यात डोळा घाल."

इंग्रिडने डोळा घातला. बराच वेळ काढला नाही. "हे तुम्ही एकट्यांनी शोधलंत?"

"नाही, सौनात बसून देवाने सांगितलं. चिठ्ठी लिही."

इंग्रिडने आधी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या माशांच्या डॉक्टरला फोन केला, औषध आणि मात्रा विचारून घेतली आणि मग चिठ्ठी लिहिली. लेम्पीने उभ्या उभ्या ती दोनदा वाचून घेतली.

बुधवारी अकरा मेले. औषध पडून एक दिवसही झाला नव्हता, पण हे कोण ऐकतंय? नऊ वाजता मिस हॉस्किन आल्या. बाई नीटनेटक्या, शंभरीचं सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर. टाकीसमोर त्यांनी नाकाला रुमाल लावला. तळाशी बिशप आडवा पडला होता. बिशप म्हणजे सोळा वर्षांचा वीतभर लांब, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा मासा, टाकीतला सगळ्यात म्हातारा.

"तोही गेला बिचारा," मिस हॉस्किन म्हणाल्या. "काढून टाका."

"झोपलाय तो," लेम्पी म्हणाली. "ही जातच कुशीवर झोपते. मेला असं समजून उचलाल तर चावेल." तिने काचेवर नख वाजवलं तसा बिशप सरळ झाला आणि वैतागून दगडामागे गेला.

"मिसेस कार्वोनेन, शुक्रवारी इथे दोनशे माणसं यायची आहेत. मी मिस्टर ट्रेव्हॅरोंशी बोलले. ते म्हणतात आता आशा नाही, उरलेल्यांना लवंगतेलाने सुखाने झोपवावं. उद्या दुपारी बाराला टाकी रिकामी करून ब्लीचने धुवायची. त्या जागी आपण देणगीदारांच्या नावांचा फलक लावू."

"आणि नंतर?"

"नंतर काय? फलक."

म्हणजे कायमचं. एकोणीस वर्षांची सकाळ आणि त्यात उरलेले छत्तीस जीव, उद्या दुपारी बाराला गटारात.

त्याच दुपारी क्लॅरन्स आला, काखेत स्वतःच्या घरचा हीटर घेऊन. लेम्पी टाकीला पाठ लावून खुर्चीत बसली होती.

"सरक गं लेम्पी. वेडेपणा पुरे. तू पाणी गार केलंस म्हणून मरतायत ते."

"गरम होतं तेव्हा चौदा मेले."

"ते आधीच मरायला टेकले होते."

"क्लॅरन्स, सूक्ष्मदर्शक तिथे टेबलावर आहे. जा, बघ. मग बोल."

"मला तू शिकवणार?"

"हो," लेम्पी म्हणाली. "आज मी शिकवणार."

तो गेला नाही टेबलापाशी. मान ताठ करून उभा राहिला, मग म्हणाला, "आता काय उपयोग आहे? जाऊ दे," आणि हीटर काखेत घेऊन परत गेला. ते शब्द तो बोलला नसता तर कदाचित लेम्पीही थकून घरी गेली असती. अंगात त्राण नव्हतं. पण ते शब्द कानावर पडले आणि तिने उठून पुन्हा बादली भरली.

गुरुवारी बाराला मिस हॉस्किन आल्या, मागे सफाईचा माणूस, हातात ब्लीचचा डबा. लेम्पी खुर्चीत नव्हती, उभी होती.

"आज दोन," ती म्हणाली. "मंगळवारी चौदा, काल अकरा, आज दोन. मिस हॉस्किन, तुम्हाला गणित येतं. डबा आत न्यायचा असेल तर मला उचलून बाजूला ठेवावं लागेल, आणि मी वजनदार आहे."

सफाईवाल्याने छताकडे बघितलं. मिस हॉस्किनच्या गळ्यावर लाल चट्टे आले. पण त्यांनी वाकून टाकीत बघितलं, आणि त्यांच्याकडे नियॉनचा उरलेला थवा वळला, खायला मिळेल म्हणून. आजारी मासा खायला मागत नाही, हे त्यांनाही कळलं असावं. "उद्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "पण समारंभात टाकीवर कापड टाकायचं. पुढचं नंतर बघू."

शुक्रवारी सकाळी एकही मेलेला मासा नव्हता. लेम्पीने तीनदा मोजले. चौतीस. तिने कापड घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि टाकीवर टाकलं नाही.

चार वाजता दालन भरलं. अर्धं गाव कॉफीचे कप घेऊन उभं, मांस-बटाट्याच्या पॅस्टींचं तबक फिरतंय, महापौर, पाद्री, सगळे. मिस हॉस्किननी उघडी टाकी बघितली आणि ओठ आवळले. शंभर वर्षांचा आढावा घेता घेता त्या टाकीवर आल्या. "दुर्दैवाने या आठवड्यात एका असाध्य रोगाने आपले बरेच मासे दगावले. मिस्टर ट्रेव्हॅरोंनी सर्व प्रयत्न केले. कुणाच्याही हातात काही नव्हतं."

क्लॅरन्सने मान खाली घातली, शोकसभेत घालतात तशी.

"खोटं आहे," लेम्पी म्हणाली.

दालनात कप वाजायचे थांबले. मिस हॉस्किन म्हणाल्या, "मिसेस कार्वोनेन, ही वेळ नव्हे."

"हीच वेळ आहे. असाध्य नव्हता. साधा जिवाणूंचा आजार होता आणि गरम पाण्यात तो दुप्पट जोराने मारतो. सोमवारी हीटर शहाऐंशीवर मी नेला. या हाताने. क्लॅरन्सने सांगितलं हे खरं, पण हात माझा होता, आणि बघायच्या आधी मी बटण फिरवलं. तीस मासे मेले, त्यातले बरेचसे माझ्यामुळे. तेव्हा कुणाच्या हातात काही नव्हतं असं माझ्यासमोर म्हणू नका. माझ्या हातात होतं."

म्हातारा टॉयवो लाहती पहिल्यांदाच हसला नाही. मिस हॉस्किन बाईंचा आवाज चढला. "तुम्ही स्वतः सांगताय की मासे तुम्ही मारलेत. मग ही टाकी तुमच्या हातात ठेवायची तरी कशासाठी?"

"कारण मी मारले की मी सांगते," लेम्पी म्हणाली. "दुसरं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे द्या."

इंग्रिड साल्मीने मागून टाळी वाजवायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. मग भिंतीशेजारी उभा असलेला क्लॅरन्स खाकरला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मॉली मी सोडल्या," तो म्हणाला. "शनिवारी. महिना न ठेवता."

"ते सगळ्यांना माहीत आहे, क्लॅरन्स," लेम्पी म्हणाली. "पण बरं झालं बोललास."

मिस हॉस्किननी हातातला कागद खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. देणगीदारांचा फलक जिन्याजवळच्या भिंतीवरही चांगला दिसेल, असं त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.